आमचे हे आमदारकीला उभे राहिले : एका इंजिनिअरच्या उमेदवारीचा हिशोब

पाटाकाठची (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. गेली सहा-सात वर्षं मी इथे फक्त वाचते. पाककृतींवर दोन-चार प्रतिसाद दिले असतील, तेवढेच. आज पहिल्यांदा स्वतः धागा काढतेय, कारण हे आत्ता लिहिलं नाही तर पुढच्या वर्षापर्यंत यातलं निम्मं मीच विसरेन.

माझे यजमान स्थापत्य अभियंता. पाटबंधारे खात्यात शाखा अभियंता म्हणून लागले, उपअभियंता म्हणून ५८ व्या वर्षी निवृत्त झाले. नोकरीची बहुतेक वर्षं कालव्यांवरच गेली. २०२४ च्या विधानसभेला ते आमच्या दुष्काळी तालुक्यातून अपक्ष उभे राहिले. मतं दोन हजारांच्या आत पडली, अनामत गेली.

उभे का राहिले ते आधी सांगते. निवृत्तीनंतर आम्ही गावी राहायला आलो. मुख्य कालवा गावापासून सहा किलोमीटरवर भरून वाहतो आणि आमच्या शेवटच्या चारीला (कालव्यातून शेतापर्यंत पाणी नेणाऱ्या छोट्या पाटाला) पाणी पोचत नाही. यांनी एक उन्हाळाभर सगळ्या चाऱ्या पायी पालथ्या घातल्या आणि वही केली. कुठलं काम भूसंपादनात अडकलंय, कुठे मोरी बसवायची राहिलीय, कुठे नुसतं एक गेट नाही म्हणून दोनशे एकर कोरडं आहे. मग अर्ज सुरू झाले. उत्तर सगळीकडून एकच, "सुप्रमा झाली की होईल." सुप्रमा म्हणजे सुधारित प्रशासकीय मान्यता. काम रेंगाळलं की खर्च वाढतो, वाढलेल्या खर्चाला मंत्रालयातून पुन्हा मान्यता लागते, ती येईपर्यंत दरसूची बदलते आणि एस्टिमेट परत पहिल्यापासून. एके रात्री जेवताना हे म्हणाले, "हा प्रश्न इथे सुटणार नाही. हा अधिवेशनात विचारावा लागेल, आणि विचारायचा तर ज्याला एमबी वाचता येते त्याने विचारावा." एमबी म्हणजे कामाची मोजमाप पुस्तिका. ठेकेदाराचं बिल तिच्यावर निघतं.

मी सहकारी बँकेत कॅशियर होते, म्हणून हिशोबाची बाजू माझ्याकडे आली. ती थोडी सविस्तर लिहिते, कारण हे कुणी सांगत नाही.

मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक (अर्जावर सही करून नाव सुचवणारा मतदार) पुरतो, अपक्षाला दहा लागतात आणि दहाही त्याच मतदारसंघाचे मतदार हवेत. प्रत्येकाचा यादीतला भाग क्रमांक आणि अनुक्रमांक अचूक हवा. एका सूचकाचं नाव नव्या यादीत दुसऱ्या भागात गेलं होतं, ते आदल्या रात्री लक्षात आलं म्हणून निभावलं. अनामत १० हजार (अनुसूचित जाती-जमातींसाठी ५ हजार). शपथपत्रातला एकही रकाना कोरा चालत नाही, काही नसेल तर तसं लिहावं लागतं. गेल्या दहा वर्षांत सरकारी निवासस्थानात राहिला असाल तर भाडं, वीज, पाणी, टेलिफोन यांची थकबाकी नसल्याचा दाखला लागतो. तीन गावांतल्या क्वार्टर्सचे दाखले गोळा करताना यांचे आठ दिवस गेले. इथे कुणी निवृत्त अधिकारी उभं राहायचा विचार करत असेल तर हे काम सगळ्यात आधी करा. बँकेत वेगळं खातं अर्ज भरण्याच्या किमान एक दिवस आधी उघडलेलं हवं.

खर्चाची मर्यादा ४० लाखांची. आमचा खर्च पावणेतीन लाखांच्या आसपास झाला, सगळा निवृत्तीच्या पैशातला. नोंदवहीची पानं तीन रंगांची असतात : पांढरी रोजच्या खर्चाची, गुलाबी रोखीची, पिवळी बँकेची. चहा, खुर्ची, मांडव, जीप, सगळ्याचे दर जिल्हा निवडणूक कार्यालय ठरवून देतं. तुम्ही कमी दराने आणलं तरी पटेल असा पुरावा लागतो. एका व्यक्तीला वा दुकानाला सगळ्या प्रचारात मिळून १० हजारांच्या वर रोख देता येत नाही. प्रचाराच्या काळात तीनदा वही तपासायला न्यावी लागते आणि निकालानंतर ३० दिवसांत अंतिम हिशोब द्यावा लागतो. नाही दिला तर तीन वर्षं अपात्र ठरू शकता. माझी वही एकदाही परत आली नाही, याचा मला अभिमान वाटतो.

आता प्रचार. अर्ज मागे घ्यायची मुदत ४ नोव्हेंबरला संपली आणि अपक्षांना चिन्ह त्यानंतरच मिळतं. यांनी पहिली पसंती पाण्याच्या टाकीला दिली होती, ती दुसऱ्याला गेली. आम्हाला खिडकी मिळाली. प्रचार १८ तारखेला संध्याकाळी थांबला. म्हणजे चिन्ह पोचवायला हातात १४ दिवस. पक्षाचं चिन्ह माणूस लहानपणापासून बघत आलेला असतो, आम्हाला प्रत्येक दारात खिडकी म्हणजे काय इथपासून सुरुवात.

दोन प्रसंग सांगते आणि थांबते.

एका गावात पारावर नकाशा उघडून हे चाऱ्या समजावत होते. लोकांनी मन लावून ऐकलं. शेवटी एक आजोबा म्हणाले, "साहेब, पाणी आणशिला ओ. पण रातच्याला बाराला पोरगीला दवाखान्यात न्यायचं झालं तर गाडी कुणाची बोलवायची?" आमच्याकडे उत्तर नव्हतं. त्या गावात रात्री गाडी पाठवणारा माणूस वेगळा होता आणि तो वीस वर्षं पाठवत आला होता.

दुसरं गाव माळावरचं. तिथे प्रत्येक उमेदवार कालव्याचं पाणी देतो म्हणून सांगून गेला होता. यांना विचारलं तेव्हा यांनी खरं सांगितलं, "तुमचं गाव कालव्याच्या पातळीच्या वर आहे. या योजनेतून तुमच्याकडे पाणी चढणार नाही. वेगळा उपसा लागेल, आणि तो मंजूर नाही." सभा तिथेच उठली. त्या गावच्या बूथवर आम्हाला ४ मतं.

परत येताना गाडीत मी रागावले. म्हटलं, गप्प राहिला असतात तरी चाललं असतं. हे म्हणाले, "लेव्हल काढून खोटी सांगायची सवय मला ३३ वर्षांत लागली नाही, आता कशाला लावून घेऊ?"

माझा प्रश्न : इंजिनिअर माणसाने आमदारकीला उभं राहावं का? आणि राहायचं तर सुरुवात कुठून करावी? आम्ही चुकलो कुठे, ते मोकळेपणाने सांगा.

---

मुळामुठा

ताई, एका बैठकीत वाचून काढलं. खर्चाच्या वहीबद्दल इतकं नेमकं मराठीत पहिल्यांदाच वाचलं. ही माहिती वेगळी काढून ठेवावी ही विनंती.

---

जुना_कार्यकर्ता

ताई, तीस वर्षं एका पक्षाचं तालुक्याचं काम केलंय, त्यावरून बोलतो. मनाला लावून घेऊ नका.

तुमचं चुकलं ते पारावरच्या आजोबांनी सांगितलंय. राज्यात गेल्या वेळी एक लाखाच्या वर मतदान केंद्रं होती. २८८ मतदारसंघांनी भागा, एकेका मतदारसंघात साडेतीनशेच्या आसपास बूथ येतात. साडेतीनशे ठिकाणी सकाळी सहाला हजर होणारा, मतदारयादी पाठ असणारा, संध्याकाळपर्यंत जागचा न हलणारा पोलिंग एजंट तुमच्याकडे होता का? ही माणसं १४ दिवसांत उभी राहत नाहीत. लग्नं, मयतं, कोर्टकचेऱ्या, सोसायटीची कर्जं यांत वीस वर्षं बरोबर राहिलं की मग ती एका दिवसासाठी उभी राहतात.

इंजिनिअर आमदार होत नाहीत असंही नाही. जयंत पाटील व्हीजेटीआयचे सिव्हिल इंजिनिअर, १९९० पासून निवडून येताहेत आणि २०१९ ते २०२२ जलसंपदा खातं त्यांच्याकडेच होतं. पृथ्वीराज चव्हाण पिलानी आणि बर्कलेला शिकलेले इंजिनिअर, मुख्यमंत्री झाले, आणि तेही २०२४ ला कराड दक्षिणेत पडले. दोघांच्याही मागे वडिलांच्या पिढीपासूनचं घराचं काम होतं. लोक पदवीला मत देत नाहीत.

आणि उलट बाजू बघा. सांगोल्याचे गणपतराव देशमुख वकील. ११ वेळा आमदार झाले. दुष्काळी भागाच्या पाण्यासाठी ते सभागृहात जन्मभर बोलत राहिले. रोजगार हमीची कल्पना मांडणारे वि. स. पागेही वकीलच. पाण्याचा प्रश्न कळायला इंजिनिअरच असावं लागतं हे मला पटत नाही. इंजिनिअर शेजारी बसवता येतो. लोक शेजारी बसवता येत नाहीत.

---

पाटाकाठची

दादा, लावून नाही घेतलं. साडेतीनशेपैकी आमचे एजंट एकेचाळीस बूथवर होते, त्यातले बरेच नातेवाईक.

पण एका गोष्टीवर अडते. "इंजिनिअर शेजारी बसवता येतो" म्हणता, तो शेजारी बसवलेला इंजिनिअर म्हणजे आमचे हेच होते. अधिवेशन लागलं की खात्याकडे प्रश्न यायचे, रात्री जागून हे उत्तरं तयार करायचे आणि ती वर जायची. हे सांगतात, प्रश्न ढोबळ असला की उत्तरही ढोबळच देता येतं. "काम प्रगतीत आहे" एवढं लिहिलं तरी भागतं. कितव्या किलोमीटरला, कुठल्या वर्षीच्या दराने, कोणत्या मान्यतेखाली, असं विचारलं तर खात्याला खरं सांगावंच लागतं. तसा प्रश्न यांच्या टेबलावर सगळ्या नोकरीत फार थोड्या वेळा आला. उत्तरं लिहिणारा माणूस म्हणून यांना ती उणीव दिसली होती. उभं राहायचं खरं कारण ते.

---

मांडवीकाठ

पणजीहून लिहितो. आमच्याकडचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे, तरी दोन गोष्टी सांगतो.

मनोहर पर्रीकर मुंबईच्या आयआयटीतून १९७८ साली धातुशास्त्राचे इंजिनिअर झाले. १९९१ ला लोकसभेला उभे राहिले आणि पडले. १९९४ ला पणजीतून आमदार झाले, २००० च्या ऑक्टोबरात मुख्यमंत्री. म्हणजे पहिली निवडणूक त्यांनीही हरलीच होती. पाठीमागे मात्र संघाचं आणि पक्षाचं अनेक वर्षांचं काम होतं.

दुसरी गोष्ट आकाराची. पणजी मतदारसंघात मतदार साधारण २२ हजार. २०१७ च्या पोटनिवडणुकीत पर्रीकर ४,८०३ मतांनी जिंकले आणि इथे तो मोठा विजय मानला गेला. महाराष्ट्रात २०२४ ला ९ कोटी ७० लाख मतदार होते, म्हणजे मतदारसंघाला सव्वातीन लाखांच्या वर. पणजीत उमेदवार प्रत्येक घरी दोनदा जाऊ शकतो. माणूस कसा बोलतो, दिलेली वेळ पाळतो का, हे लोक स्वतः बघतात. अभियंत्याचा स्वभाव अशा ठिकाणी दिसून येतो. २००४ ला चित्रपट महोत्सव गोव्यात आला तेव्हा जुन्या मेडिकल कॉलेजच्या आवारातलं काम मुदतीत उभं राहिलं, ते आम्ही रोज येता-जाता बघत होतो.

तुमच्या यजमानांना तुमच्या तालुक्यातल्या किती लोकांनी प्रत्यक्ष पाहिलं असेल, ताई? माझ्या मते हार तिथे झाली.

---

नॅशुआकर

मी न्यू हॅम्पशायरमध्ये राहतो. मांडवीकाठ यांचा आकाराचा मुद्दा इथे रोज बघतो. राज्याची वस्ती १४ लाखांच्या आसपास आणि कनिष्ठ सभागृहात ४०० सदस्य. एका सदस्यामागे साडेतीन हजारांच्या आसपास माणसं. मानधन वर्षाला १०० डॉलर, १८८९ साली ठरलं ते आजही तेच. माझ्या ऑफिसातला एक इलेक्ट्रिकल इंजिनिअर दोनदा निवडून आला. घरोघरी स्वतः चालत गेला, पाट्या गॅरेजमध्ये स्वतः रंगवल्या.

इथलं एक मला फार आवडतं. प्रत्येक विधेयकाची समितीपुढे जाहीर सुनावणी होते आणि कुणीही नागरिक जाऊन बोलू शकतो. वीजबिलाच्या एका विधेयकावर मीही जाऊन तीन मिनिटं बोललो. आपल्याकडे तुमच्या यजमानांना अशी तीन मिनिटं मिळाली असती तर कदाचित त्यांना उभं राहावंच लागलं नसतं.

अर्थात १०० डॉलरमुळे नोकरी करणारी तरुण माणसं तिथे कमी टिकतात, निवृत्त जास्त. तेही खरं.

---

जांभळं_स्केचपेन

"सुरुवात कुठून करावी" याला माझं उत्तर : पदवीधर मतदारसंघ.

विधान परिषदेच्या ७८ जागांपैकी ७ पदवीधरांमधून निवडल्या जातात. पुणे विभागात पुणे, सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर येतात. मतदार व्हायला पदवी मिळून तीन वर्षं झालेली हवीत, १ नोव्हेंबर ही अर्हता तारीख. यादी दर निवडणुकीला कोरी सुरू होते. मागच्या वेळी नाव होतं म्हणून या वेळी असेलच असं नाही, नमुना १८ परत भरायचा. मी २०२० ला एका उमेदवारासाठी आमच्या कारखान्यातल्या पावणेदोनशे इंजिनिअरांचे अर्ज भरून घेतले. निम्म्यांना हा मतदारसंघ आहे हेच माहीत नव्हतं. आमचाच पदवीधरांचा मतदारसंघ, आणि आम्हीच उदासीन. याचं मला फार वाईट वाटलं.

मत पसंतीक्रमाने, आकड्यात, आयोगाने दिलेल्या जांभळ्या स्केचपेननेच. स्वतःचं पेन वापरलं की मत बाद. शिकलेल्या माणसांची मतं यात इतकी बाद होतात की मोजणीच्या टेबलावर बघवत नाही. अपक्षाला इथे वाट आहे. नाशिकमधून २०२३ ला सत्यजीत तांबे अपक्ष निवडून आले. घर राजकारणातलं होतं, हे मान्य.

एक धोका सांगतो : विधानसभेला ४० लाखांची मर्यादा आहे, परिषदेच्या निवडणुकीला खर्चाची मर्यादाच नाही. पाच जिल्हे फिरायचे आणि समोरच्याने किती ओतावं याला बंधन नाही. हे बदललं पाहिजे, आणि पदवीधरांनीच ते लावून धरलं पाहिजे.

---

रेघोटी

मी जेई (ज्युनिअर इंजिनिअर) आहे, एका जिल्हा परिषदेत. वय २९. हा धागा वाचून मनातलं लिहावंसं वाटलं. मलाही उभं राहायचंय कधीतरी. आत्ता नोकरीत असताना काय करता येईल?

विजय पांढरे साहेबांचं उदाहरण आमच्या कॉलेजात फार बोललं जायचं. मुख्य अभियंता असताना २०१२ साली त्यांनी सिंचनाच्या कामांबद्दल वर पत्रं लिहिली, ती राज्यभर गाजली. २०१४ ला नाशिकमधून लोकसभेला उभे राहिले आणि पडले. माझे वडील तेव्हा म्हणाले होते, लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि मत दुसरीकडे दिलं. तेव्हापासून हा प्रश्न माझ्या डोक्यात आहे.

---

पाटाकाठची

रेघोटी, बाळा, नोकरीत असताना राजकारणापासून लांब राहायचं, आपले वर्तणूक नियम तेच सांगतात. उभं राहायचं तर आधी राजीनामा. हे म्हणतात ते तुला तसंच सांगते : "नोकरीत आहेस तोवर एमबी खरी लिही. पुढे तुझ्याविरुद्ध कुणी काही काढू शकणार नाही. आणि ज्या गावात काम असेल तिथे चहाला थांबत जा. आम्ही थांबलो नाही."

हे शेवटचं वाक्य त्यांनी स्वतःहून म्हटलं. ३३ वर्षं ठेकेदाराकडे चहा नको म्हणून कुठेच थांबायचं नाही असा नियम त्यांनी केला होता. ठेकेदार टळला आणि त्याबरोबर गावंही टळली. मांडवीकाठ, तुमच्या प्रश्नाचं उत्तर यात आलं.

---

जुना_कार्यकर्ता

ताई, तुमचा परवाचा प्रतिसाद वाचून दोन दिवस विचार केला. प्रश्न ढोबळ असतात हे खरं आहे. आम्हीच ते लिहून द्यायचो. अधिवेशनाच्या आधी आमदारांचा पीए फोन करायचा, तालुक्यातले चार प्रश्न पाठवा. आम्ही लिहायचो "कालव्याचं काम रखडलं हे खरे आहे काय". उत्तर यायचं "अंशतः खरे आहे". ते आम्ही पेपरात छापून आणायचो. काम तिथल्या तिथे.

म्हणून सुचवतो. निवडून यायची वाट बघू नका. यांना सांगा, वहीतले दहा प्रश्न तारांकित प्रश्नाच्या नमुन्यात लिहून काढा, किलोमीटर आणि मान्यतेच्या तारखेसकट. एकाच आमदाराला देऊ नका. आपल्या आणि शेजारच्या तालुक्यांतल्या सगळ्यांना द्या, परिषदेच्या सदस्यांनाही द्या, पक्ष बघू नका. तारांकिताला मंत्र्याला उभं राहून उत्तर द्यावं लागतं आणि वर उपप्रश्न विचारता येतात. उपप्रश्नही लिहून द्या, तिथेच खरी पकड असते. चिठ्ठीत नंबर लागला नाही तर लक्षवेधी सूचना.

टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांच्या वीजबिलाचं ८१-१९ आठवा. ८१ टक्के सरकारने, १९ टक्के शेतकऱ्याने. ते काही एका आमदाराने एका दिवसात आणलं नाही. वर्षानुवर्षं पाणी परिषदा झाल्या, मोर्चे निघाले, सभागृहात लोक बोलत राहिले. त्यात आकडे पुरवणारी माणसं होती, त्यांची नावं कुठे आली नाहीत.

आणि पुढची निवडणूक लढवायची असेल तर आजपासून मला फोन करा. पक्षाचं काम आता मी सोडलंय. यादी कशी वाचायची ते मी शिकवतो.

---

जांभळं_स्केचपेन

जुना_कार्यकर्ता, प्रश्नांचा मसुदा तुम्ही आणि ताईंनी मिळून इथेच टाकला तर आमच्या तालुक्यासाठीही करता येईल. माझ्याकडे चार निवृत्त अभियंते आहेत, कामाविना बसलेले.

---

पाटाकाठची

दादा, नंबर कळवते. यांना तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. काही न बोलता उठून वही घेऊन बसले. रात्री साडेअकरापर्यंत सहा प्रश्न झाले. पहिला ४ नंबरच्या चारीच्या गेटचा आहे.

अजून एक सांगायचं राहिलं होतं. ते माळावरचं गाव, जिथे आम्हाला ४ मतं पडली, तिथले सरपंच आणि दोन शेतकरी जानेवारीत घरी आले होते. चहा झाल्यावर सरपंच म्हणाले, "कालव्याचं पाणी चढत नाही हे तुम्ही एकट्यानं सांगितलं. मग आता आमचं चढतंय काय ते तरी सांगा." यांनी ऑटो लेव्हल (जमिनीची उंची मोजायचं यंत्र) भाड्याने आणलं. तीन रविवार झाले, गावातली दोन पोरं स्टाफ (मापाची उभी पट्टी) धरतात, हे वाचतात आणि मी वहीत लिहिते. ओढ्यावर दोन ठिकाणी बंधाऱ्याची जागा निघालीय, तिसऱ्या जागेचं माप उद्या आहे. जेवण सरपंचांकडे आहे, आणि या वेळी आम्ही थांबणार आहोत.